तार, राउटर की हवा? घरचं वायफाय अडलं की नेमकं कुठे बघायचं

‘ओ, नेट चालंना की!’ साखर पेठेतलं जुनं घर असो नाहीतर जुळे सोलापुरातला नवा बंगला, तक्रारीचा फोन या वाक्याने सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. नेट नेमकं कुठे अडलंय, हे त्या वाक्यात नसतं. खांबावरून घरात आलेली फायबरची तार, तिच्या टोकाचा राउटर आणि राउटरपासून मोबाइलपर्यंतची हवा, असे तीन टप्पे आहेत. बिघाड बहुधा यातल्या एकाच टप्प्यात असतो आणि तो कुठला, हे घरबसल्या दहा मिनिटांत कळतं. ते न बघता प्लॅन वाढवला किंवा नवा राउटर आणला, तर पैसे जातात आणि आतल्या खोलीत व्हिडिओ तसाच गोल गोल फिरत राहतो.

सुरुवात दिव्यांपासून करा. ज्या डब्यात फायबरची हिरवी पिन जाते त्याला नेटवाले ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. हल्ली बऱ्याच घरांत ओएनटी आणि वायफाय एकाच डब्यात असतं, काही ठिकाणी दोन डबे असतात. पॉनचा (फायबर जोडणीचा) हिरवा दिवा स्थिर असेल तर नेटवाल्याच्या यंत्रापासून तुमच्या घरापर्यंत प्रकाश नीट पोचतोय. एलओएसचा (सिग्नल हरवल्याचा) लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाही. तार तुटली आहे, दबली आहे किंवा पिन निघाली आहे. अशा वेळी राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही उपयोग नाही. लाल दिवा नाही पण पॉन लुकलुकत राहतो, म्हणजे पलीकडच्या यंत्राशी जोडणी पूर्ण होत नाही, आणि प्रकाश फार कमी पडला तरी असंच होतं. पॉन स्थिर असून इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद असेल तर तार ठीक आहे, अडचण लॉगिनची आहे. रिचार्ज संपलं असेल, पीपीपीओईचं (नेटवाल्याच्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड राउटरमधून उडालं असेल, किंवा नेटवाल्याकडेच काहीतरी बंद असेल.

दिवे सगळे बरोबर आणि तरीही नेट अडकतंय, तर वायफायवर जोडलेल्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी राउटरलाच पिंग करा, म्हणजे ping आणि पुढे पत्ता लिहून उत्तर किती वेळात येतं ते बघा. त्याचा पत्ता डब्याखालच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. उत्तर १ ते ५ मिलिसेकंदात येत राहिलं तर हवेचा टप्पा चांगला आहे. आकडा मध्येच २००-३०० वर उडी मारत असेल किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल, तर दोष घरातल्या घरात आहे, नेटवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही. राउटर नीट उत्तर देतोय, तर पुढे ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या इंटरनेटवरच्या पत्त्याला पिंग करा. तिथे अडलं तर राउटरच्या पलीकडे काहीतरी आहे. ८.८.८.८ उत्तर देतं पण वेबसाइट नावाने उघडत नाही, हा डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचा घोळ. राउटरमध्ये डीएनएस ८.८.८.८ आणि १.१.१.१ असा भरला की बहुतेक वेळा तो सुटतो.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगायची आहे. रीस्टार्ट आणि रीसेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रीस्टार्ट म्हणजे बटण बंद करायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि परत चालू करायचं. दोन डबे असतील तर आधी ओएनटी चालू करा, त्याचा पॉन स्थिर होऊ द्या आणि मग राउटर चालू करा. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबणं हा रीसेट. त्याने पीपीपीओईचं युजरनेम, पासवर्ड आणि नेटवाल्याने भरलेला व्हीलॅन क्रमांक (त्याच्या लाइनवरची वाट ठरवणारा आकडा) सगळं पुसलं जातं. अडचण साधी असते, पण रीसेटनंतर माणूस घरी येईपर्यंत नेट पूर्ण बंद. टाचणी हातात घेण्याआधी युजरनेम-पासवर्ड वहीत लिहिलेलं आहे का, एवढं बघा. घरातल्या मुलांनाही हा फरक समजावून सांगा, कारण टाचणी बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असते.

तारेचं दुखणं

प्रकाश किती येतोय हे मोजायला नेटवाल्याचं मीटर लागत नाही. ब्राउजरमध्ये राउटरचा (डबे दोन असतील तर ओएनटीचा) पत्ता टाकून आत गेलं की स्टेटसच्या पानावर पॉन किंवा ऑप्टिकल असा भाग सापडतो. तिथे आरएक्स पॉवर (आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद) म्हणून उण्यातला आकडा असतो, उदाहरणार्थ उणे २१ डीबीएम. उण्याचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. घरगुती जोडणीत उणे ८ ते उणे २७ ही चालणारी मर्यादा समजा. उणे १८ ते उणे २४ मध्ये असेल तर निर्धास्त राहा. उणे २७ च्या पुढे गेला की नेट येतं-जातं, विशेषतः दुपारच्या उन्हात किंवा पावसात. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो. म्हणजे दिवाळीत उणे २१ होता आणि आता उणे २७ आहे, तर पूर्वीच्या फक्त चौथा हिस्सा प्रकाश येतोय. प्लॅन तोच आणि राउटरही तोच असताना नेट रडू लागतं ते यामुळे.

प्रकाश गळतो कुठे? सोलापुरात याचं उत्तर बरेचदा खिडकीत सापडतं. फायबर खिडकीच्या फटीतून आत आलेली असते आणि मार्चमध्ये त्याच खिडकीला कूलर बसतो. कूलर सरकवताना पत्र्याच्या कडेखाली तार दबते, नाहीतर खिडकीच्या झडपेत रोज थोडी थोडी चिमटली जाते. जूनमध्ये कूलर काढताना तोच प्रकार पुन्हा. त्यामुळे कूलर हलवल्यावर एक-दोन दिवसांत नेट बिघडलं तर पहिला संशय तिथे घ्या. फायबरच्या आत केसाइतकी बारीक काच असते. तिला ताण थोडाफार चालतो, तीव्र वळण चालत नाही. जादा तार गुंडाळायची असेल तर चहाच्या बशीपेक्षा लहान वेटोळं करू नका. कपाटामागे कोपऱ्यात काटकोनात दाबलेली किंवा खिळ्याला गाठ मारून लटकवलेली पिवळी पॅचकॉर्ड (डब्यात जाणारी फायबरची छोटी तार) बघितली की आधी ती मोकळी करा आणि लगेच आरएक्सचा आकडा परत वाचा. दोन-तीन डीबीने सुधारला तर दुखणं सापडलं.

पिनचंही तसंच. हिरव्या पिनचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्या पिनचं सरळ. दोन्ही आकाराने सारख्या असल्याने हिरवी निळ्याच्या खोबणीत बसतेही, पण टोकं एकमेकांना नीट टेकत नाहीत आणि प्रकाश वाया जातो. हिरव्याला हिरवीच हवी. पिन उगाच काढू नका. काढली तर टोकाला बोट लावू नका, तोंडाने फुंकर मारू नका, कारण थुंकीचा बारीक तुषारही त्या टोकावर डाग पाडतो. टोपी असेल तर लगेच लावा. आणि टोकात डोळा लावून कधीही बघू नका, आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो.

लाईट, अडॅप्टर आणि ऊन

राउटर आपोआप बंद होऊन चालू होतोय, सगळे दिवे एकदम विझून परत लागतायत, तर वायफायला दोष देण्याआधी अडॅप्टर बदलून बघा. बरेचसे घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि अर्धा ते दोन अँपिअर मागतात. अडॅप्टर जुना झाला की आतला कपॅसिटर फुगतो. नुसता मीटर लावला तर १२ व्होल्ट दाखवतो, पण राउटरचा भार पडताच व्होल्टेज खाली येतं. म्हणून ‘मीटरवर बरोबर आहे’ हा पुरावा पुरेसा नाही, दुसरा चांगला अडॅप्टर लावून बघणं हाच पुरावा. बदलताना व्होल्ट अगदी तेच असावेत, अँपिअर जास्त असले तरी चालतात. १२ व्होल्ट १ अँपिअरच्या जागी १२ व्होल्ट २ अँपिअर बिनधास्त लावा. पिन बसते म्हणून ९ किंवा ५ व्होल्टचा लावू नका. अडॅप्टरवर पिनच्या आतल्या भागाला अधिक की उणे असं लहान चित्र असतं, तेही जुळवा.

सोलापूरच्या पूर्व भागात घराला लागूनच यंत्रमाग असतात. मोटर सुरू होताना क्षणभर व्होल्टेज पडतं. बऱ्याचशा अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे कायम कमी व्होल्टेज असलं तरी ते चालतात, पण तो क्षणाचा झटका थकलेल्या अडॅप्टरला पेलत नाही आणि राउटर रीस्टार्ट होतो. यावर राउटरचा छोटा यूपीएस, म्हणजे लाईट गेली तरी त्याला चालू ठेवणारी बॅटरी, हा सरळ उपाय आहे. घेताना डब्यावरच्या एमएएचवर (बॅटरीच्या साठवणीच्या आकड्यावर) जाऊ नका. तो आकडा बहुधा ३.७ व्होल्टच्या बॅटरीचा असतो. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-तास. राउटर आणि ओएनटी मिळून १० वॉट घेत असतील तर हिशेबाने पावणेचार तास, आतलं नुकसान धरून तीन तासांच्या आसपास. डबे दोन असतील तर दोन्हींना जोड हवा. नुसता राउटर जिवंत ठेवून ओएनटी बंद असेल तर रेंज पूर्ण दिसते आणि नेट शून्य. घरात मोठा इन्व्हर्टर आहे आणि तरी लाईट गेली की राउटर बंद होऊन सुरू होतो, तर इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. साध्या मोडमध्ये बदलाला जास्त वेळ लागतो.

लाईट गेल्यावर तुमच्याकडे सगळं चालू असूनही नेट जातं का, हेही लक्षात ठेवा. खरी फायबर जोडणी असेल तर गल्लीतल्या वाटणीच्या डब्याला वीज लागतच नाही. गल्लीत लाईट गेली की दर वेळी नेट जात असेल, तर मध्ये कुठेतरी विजेवरचा स्विच आहे आणि त्याला बॅटरी नाही. तक्रारीत हे नेमकं सांगा.

आणि उन्हाळा. बऱ्याच राउटरच्या कागदावर चालण्याची मर्यादा ४० अंशांपर्यंत दिलेली असते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बाहेरच पारा त्याच्या वर जातो, पत्र्याच्या घरात छताखाली तर विचारूच नका. तिथे माळ्यावर, बंद काचेच्या शोकेसमध्ये किंवा सेटटॉप बॉक्सच्या पाठीवर ठेवलेला राउटर दुपारी मंद होतो, अडखळतो आणि रात्री सुधारतो. वरून भरतकामाचा रुमाल घातलेला असेल तर तो आजच काढा. राउटरची उष्णता त्याच्या कवचाच्या चिरांतून बाहेर पडते, त्या झाकल्या की तो आतल्या आत भाजतो. दुपारी मंद म्हणजे उष्णता, रात्री नऊच्या सुमारास मंद म्हणजे बहुधा नेटवाल्याच्या लाइनवरची किंवा शेजारच्या वायफायची गर्दी. ही वेळ वहीत टिपून ठेवली तर निम्मं निदान तिथेच होतं.

वळवाचा पाऊस आणि विजा सुरू झाल्या की राउटरचा प्लग काढा. इमारतीच्या गच्चीवरून तांब्याची लॅन केबल येत असेल तर तीसुद्धा काढा. विजेने जळतो तो बहुधा तिच्याच टोकाचा पोर्ट.

हवा

घरात सर्वात जास्त तक्रारी असतात त्या इथे. फायबर पुढच्या भिंतीतून आत येते आणि राउटर तिथेच, हॉलच्या कोपऱ्यात टीव्हीमागे बसतो. अर्धी रेंज रस्त्याला मिळते. बसवायला माणूस आला असतानाच तार पाच-सात मीटर पुढे नेऊन घराच्या मध्यावर, पाच-सहा फूट उंचीवर राउटर लावून घ्या. वर मजला असेल तर जिन्याच्या तोंडाशी लावा. सळया घातलेला स्लॅब सिग्नल अडवतो, जिन्याची मोकळी जागा त्याला वर जाऊ देते.

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून घरोघरी बॅरल, टाक्या, हंडे भरून ठेवलेले असतात, बरेचदा बोळकांडीत किंवा जिन्याखाली. पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं. राउटर आणि अभ्यासाची खोली यांच्या सरळ रेषेत दोनशे लिटरचं भरलेलं पिंप असेल तर रेंज तिथेच गळते, आणि पिंप रिकामं झालं की नेट सुधारल्यासारखं वाटतं. लोखंडी कपाट, पत्र्याचा कूलर, मोठा आरसा, मागाची लोखंडी चौकट यांच्यामागेही तसंच. जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फूट जाड दगडी भिंतीतून वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा बँड जवळजवळ जात नाही, २.४ चा थोडा जातो.

या दोन बँडांचा हिशेब असा. २.४ लांब जातं पण मंद आणि गर्दीचं. ५ वेगवान पण एक-दोन भिंतींत दमतं. राउटरच्या खोलीतले टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर ठेवा. लांबचे मोबाइल, कॅमेरे, स्मार्ट बल्ब २.४ वर. बरेचसे कॅमेरे आणि बल्ब ५ ओळखतच नाहीत, म्हणून दोन्ही बँडांचं नाव एकच असेल तर ते जोडताना अडतात. तेवढ्यापुरतं २.४ ला वेगळं नाव द्या.

अपार्टमेंटमध्ये वायफाय अॅनालायझर अॅप उघडलं की वीस-पंचवीस नावं दिसतात. २.४ वर चॅनेल (बँडमधल्या ठरलेल्या वाटा) एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि प्रत्येकाची रुंदी साधारण २०, त्यामुळे १, ६ आणि ११ एवढेच एकमेकांत मिसळत नाहीत. यातला ज्यावर कमी गर्दी आणि दुबळे शेजारी आहेत तो हाताने निवडा आणि रुंदी ४० वरून २० करा. ३ किंवा ४ निवडला तर दोन्ही बाजूंचा त्रास घ्याल. अॅपमध्ये स्वतःच्या रेंजचा आकडाही दिसतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट होतो, उणे ७५ च्या पुढे नुसती निशाणी दिसते, काम होत नाही.

लांबच्या खोलीसाठी रिपीटर घेताना एक चूक सगळे करतात. जिथे रेंज नाही तिथेच तो लावतात. जे त्यालाच ऐकू येत नाही ते तो पुढे काय सांगणार? तो अर्ध्या वाटेवर हवा, आणि तिथेही साधा रिपीटर वेग साधारण निम्मा करतो, कारण तोच रेडिओ ऐकतो आणि तोच बोलतो. दगडी वाड्याला आणि दुमजली घराला खरं औषध म्हणजे लॅन केबल टाकून पलीकडे दुसरा राउटर. कपाटात पडलेला जुना चालतो. तो आधी लॅपटॉपला जोडून आत जा, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, मुख्य राउटर १९२.१६८.०.१ चा असेल तर १९२.१६८.०.२. मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम, बंद करा. वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचाच ठेवा, चॅनेल मात्र वेगळा. मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधून केबल आणून याच्याही लॅन पोर्टात घाला, डब्ल्यूएएनच्या (बाहेरून येणाऱ्या नेटच्या) वेगळ्या रंगाच्या पोर्टात नको. डीएचसीपी बंद करायचं विसरलं तर दोन्ही राउटर आपापले पत्ते वाटू लागतात, कुणाचं नेट चालतं आणि कुणाचं नाही, आणि कारण दिवसभर सापडत नाही.

केबल कॅट ६ किंवा किमान कॅट ५ ई, तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल पिनपाशी लवकर तुटते. क्रम डावीकडून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दाबण्याआधी कनेक्टरच्या समोरून बघा, आठही टोकं पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत आणि केबलचं बाहेरचं कवच आतल्या खाचेखाली दाबलं गेलं पाहिजे. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार टेकली नाही तरी नेट चालतं, पण १०० एमबीपीएसवरच (सेकंदाला १०० मेगाबिट) अडकतं. प्लॅन २०० चा आणि स्पीड टेस्ट दर वेळी ९३-९५ च्या आसपास थांबत असेल, तर हीच खूण समजा. दुसरं कारण राउटरच. खोक्यावर मोठ्या अक्षरात १२०० लिहिलेलं असतं, पण ती दोन्ही बँडांची कागदावरची बेरीज असते आणि आतले पोर्ट बरेचदा १०० चेच असतात. विकत घेताना ‘पोर्ट गिगाबिट (म्हणजे १००० चे) आहेत का’ एवढंच विचारा.

वेगाची तुलनाही नीट करा. १०० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे डाउनलोड सेकंदाला १२.५ एमबी, कारण ८ बिटांचा १ बाइट. एका अँटेनाचा स्वस्त मोबाइल २.४ वर कागदावर ७२ ला जोडला जातो, हातात ४० च्या आसपास पडतं. यात नेटवाल्याची चूक नाही. खरा वेग लॅन केबलने मोजा, मग राउटरपासून तीन फुटांवर ५ गिगाहर्ट्झवर, मग लांबच्या खोलीत, तिन्ही पाठोपाठ. पहिला आकडा प्लॅनइतका आणि तिसरा पाच असेल तर प्लॅन वाढवून काहीच मिळणार नाही.

आता तक्रार करायचीच असेल तर ‘चालंना’ एवढ्यावर थांबू नका. कधीपासून बंद आहे, एलओएस लाल आहे का, पॉन स्थिर आहे का, आरएक्स किती, केबलवर वेग किती, हे पाच मुद्दे सांगा. फायबरचा दोष असेल तर येणारा माणूस तुटलेली तार जोडायचं मशीन घेऊनच निघेल, नुसता राउटर बघून परत जाणार नाही. काम झाल्यावर तो दारातून बाहेर पडण्याआधी आरएक्सचा आकडा त्याच्यासमोर वाचा. उणे २५ च्या पुढे राहिला असेल तर ‘दादा, पिन एकदा पुसून किंवा जोड परत मारून बघा’ असं सरळ म्हणा. नवा आकडा आणि तारीख मार्करने राउटरच्या खाली लिहून ठेवा.